पाणबुडीचं पितळ अन् आमची अखजी

समुद्र मी अजून पाह्यला नाही, पण तिथल्या एका पाणबुडीचं वाटोळं मी आमच्या नेर गावी घरी बसून केलं.

माझा मोठा पोरगा गजू पाणबुडीवर नोकरीले होता. आधी पाणबुडी रिटायर झाली, मंग गजू. आता तिचं म्युझियम करून राह्यले. गजू अन् त्याचे जुने सोबती फुकटात तिची डागडुजी करतात, आलेल्या लोकांले आत फिरवून सारं समजावून सांगतात. (वावरात फुकट काम सांगितलं असतं त याची कंबर धरली असती!)

औंदा अखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, गजू घरी आला, तो पिशवीत एक पितळी मीटर घेऊन. ताटलीएवढं, काळंमिट्ट. पाणबुडी किती खोल गेली ते सांगणारं. त्याच्या कड्याचे आटे झिजले होते. ते आमच्या गावच्या सलीम मिस्त्रीनं लेथवर करून दिले. सलीम गजूचा शाळेतला दोस्त.

कड्यावर लाल रंगाची एक रेघ होती.

"बाबा, हे आमच्या चीफसाहेबानं ओढली. पहिल्यांदा सगळ्यात खोल गेलो ना, तवा. साहेब आता राह्यले नाही. लोकांले मी हेच दाखवतो. घासू नका, पुसू नका, पाणी लागू देऊ नका."

"पाणबुडीचं यंत्र अन् पाण्याले भेते?"

"बाबा!"

"बरं बाप्पा, नाही लावत पाणी."

मीटर फळीवर ठेवून गजू बायकोले आणाले सासरी यवतमाळले गेला. इथून माझी अक्कल सुरू झाली.

माझी बायको शेवंता दिवाळीच्या तोंडावर गेली. अखजीले घागर भरून पितरांले जेवू घालतात. शेवंता दरवर्षी त्याच्या आधी घरातलं सारं पितळ चिंच अन् राखेनं घासे. म्हणे, "एक जरी भांडं काळं राह्यलं त पितर उंबऱ्यावरून उपाशी परत जाते." जन्मभर मी तिले हसलो. औंदा तीच पितर!

म्हणून मी घासाले बसलो. घागर घासली, परात घासली, तांबे घासले. हाताचे सालपटं निघाले. वर पाहतो त फळीवर काळं मीटर! आता काय करावं? शेवंताचा स्वभाव मले माहीत. ती खरंच परत गेली असती, अन् जाताजाता चार गोष्टी ऐकवून गेली असती.

मी पाणी नाही लावलं. (दिलेला शब्द मी पाळतो!) कोरडी राख अन् चिंच लावली.

मीटर असं चमकलं का त्यात माझं तोंड दिसे. लाल रेघ तेवढी दिसे ना.

तसाच सलीमकडं पळालो.

"सलीम, पितळ काळं कसं करावं बाप्पा?"

"चाचा, लोग तो चमकाने को आते मेरे पास." मंग त्यानं मीटर पाह्यलं अन् कपाळावर हात मारला. "या अल्ला! तुमको तो बाप समझ के छोड़ देगा वो. मेरे को काटेगा!"

त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. पितळेत ताक कळकते, हे आमच्याकडं लेकरालेही माहीत. मी मीटर मिठाच्या आंबट ताकात बुडवलं. काळं व्हायचं सोडून ते पोपटासारखं हिरवं झालं! मंग पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावलेला लाल रंग उरला होता, तो बोटानं लावला. रेघेचा गोळा झाला. वाळाले आंगणात ठेवलं, घागरीजवळ.

पळसाची पानं तोडून येतो त शेजारची कमलाबाई हात जोडून उभी! मीटरवर हळद, कुंकू, अक्षता, दोन फुलं.

"भाऊजी, हा देव कोणता जी?"

"पाण्यातला," म्हटलं. दुसरं काय सांगू?

तेवढ्यात गजू अन् सून फाटकात. गजूनं फुलं बाजूले केली. मीटर उचलून तोंडासमोर धरलं.

"बाबा, हे रेघ कुठं ओढली?"

"होती तिथंच."

"इतकंच खोल गेलो असतो त पाणबुडीची पाठ ओली झाली नसती!"

सून तोंडाले पदर लावून आत पळाली. माझी मान खालीच.

"एक पितळ काळं राह्यलं होतं रे," मी म्हटलं. "तुही माय उपाशी गेली असती."

गजू घागरीपाशी बसला, तिच्यावरून हात फिरवला. मंग म्हणे, "भांडे चांगले घासले, बाबा." दोन शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं.

माझा लाल गोळा पुसून टाकला, पण रेघ पुन्हा ओढायची नाही, असं त्याच्या सोबत्यांनी ठरवलं. खोटं दाखवत नाही म्हणे ते. आता मीटर तसंच पाणबुडीत लागलं आहे, हिरवं. गजू लोकांले सांगते, "इथं चीफसाहेबाची रेघ होती. माह्या बापानं माह्या मायसाठी घासून टाकली." लोक हसतात, मंग वाकून ते जागा पाहतात म्हणे. इतक्या दूर माझी अशी कीर्ती!

परवा गजूचा फोन आला. "बाबा, या ना एकदा. सारे तुम्हाले पाहायची वाट पाहून राह्यले. फक्त आत शिरताना दोन्ही हात खिशात ठेवजा."

धोतराले कुठले आले खिसे! जन्मात पहिल्यांदा पायजामा शिवाले टाकला. टेलर विचारे, "आजोबा, खिसे किती खोल ठेवू?"

म्हटलं, "कोपरापर्यंत."