ओदीलच्या फुप्फुसातलं भोक

सेन नदीतल्या धोबिणींच्या तराफ्यावर चादरी आपटताना ओदीलला खोकल्याची उबळ आली, थुंकीत रक्त दिसलं आणि बायकांनी तिला पॅरिसच्या एका धर्मार्थ इस्पितळात नेऊन घातलं. तिथे तिचं मोठेपण उजेडात आलं.

डॉक्टर बोदुआं नव्या वळणाचे. रोग्याच्या छातीला उघडा कान लावणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. त्यांच्याकडे एक पोकळ लाकडी नळी होती. तिचं एक टोक त्यांनी ओदीलच्या बरगड्यांवर टेकवलं, दुसरं स्वतःच्या कानाला लावलं.

"बोला, बाई."

"काय बोलू?"

"काहीही."

"तुमच्याकडचं सूप फार पांचट असतं."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. शब्द नळीतून थेट कानात शिरले होते; धडधाकट फुप्फुसातून ते असे स्पष्ट येत नाहीत. "भोक! फुप्फुसाला अक्रोडाएवढं भोक आहे!" घरात मुलगा झाल्यासारखे ते ओरडले.

मग विद्यार्थ्यांची रांग लागली. ओदीलने प्रत्येकाच्या कानात सुपाचं गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांना ते फार आवडलं. सूप मात्र तेच राहिलं.

म्हातारे डॉक्टर फ्रेमों यांना ही नळी बघवत नसे. "भोकबिक काही नाही. छातीत सर्दी साठलीय. त्या दांडक्यातून तुम्हाला सुतार ऐकू येतो!"

"वाद कशाला?" बोदुआं म्हणाले. "हिवाळा जाऊ द्या. उघडल्यावर कळेलच."

"काय उघडल्यावर?" ओदीलने विचारलं.

दोघेही एकदम सभ्य झाले. फ्रेमोंनी तर तिचं पांघरूणही सारखं केलं.

ते जाताच तिने सेवा करणाऱ्या जोगिणीला गाठलं. "सिस्टर, पलीकडच्या खाटेवरची बाई कुठे नेली?"

"खाली. चिरफाडीच्या टेबलावर."

"मेल्यावरच ना?"

"हो गं. त्या बाबतीत आमचे डॉक्टर फार काटेकोर आहेत."

सकाळी ओदीलने आपले कपडे मागून घेतले. बोदुआं फाटकापर्यंत धावत आले. "बाई, असं अर्ध्यावर टाकून कुठे निघालात? शास्त्राचं काय?"

"शास्त्राला म्हणावं, आधी तू मर."

ती बहिणीकडे खेड्यात गेली. उन्हात बसली, पोटभर जेवली. रात्री बरगडीवर हात ठेवून ती भोक चाचपायची आणि घाबरून मुठीत पांघरूण धरून झोपायची. हळूहळू खोकला गेला. का गेला ते कोणालाच कळलं नाही. वसंतात ती तराफ्यावर परतली, तर उंच टोपीत नळी खोचून डॉक्टर बोदुआं हजर.

"खोकला?"

"नाही."

"रक्त?"

"नाही."

"रात्री घाम?"

"लग्न ठरलंय माझं. घाम येईल पुढे."

डॉक्टरांचं तोंड उतरलं. ते पुन्हा पुन्हा येत राहिले, तिच्या गालांवरची लाली बघून उसासत राहिले. ते काठावर दिसले की बायका हाकारायच्या, "ओदील, तुझा वारसदार आला गं!"

शेवटी त्यांनी विद्वानांच्या सभेत निबंध वाचला: आपल्या उपचारांनी भोक कसं बुजलं. लगोलग फ्रेमोंनी आपला वाचला: भोक मुळात कसं नव्हतंच. टाळ्या दोघांनाही पडल्या.

त्यानंतर बोदुआं कधी काठावर फिरकले नाहीत. सभेने बरं ठरवलेल्या रोग्याला पुन्हा तपासायला जाण्याइतके ते खुळे नव्हते. ओदीलला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. नवरा भला होता, पण तिची तब्येत इतक्या काळजीने त्याने कधीच विचारली नाही.