निम्मी निळी भिंत

निजामाचं राज्य होतं तेव्हा माझे यजमान तेरच्या शाळेत मास्तर होते. लग्नानंतर आम्ही तिथं घर भाड्यानं घेतलं. बाहेरची खोली भरदुपारीही अंधारी असायची. थोडा उजेड वाटावा म्हणून भिंतींना पिवळा रंग द्यायचं आमचं ठरलं होतं. पण दुकानात गेल्यावर माझ्या तोंडून "नीळ द्या" असं निघालं. का, ते मला आजही सांगता येत नाही.

चुन्यात नीळ कालवून मी एकटीच रंग देत होते. तीन भिंती झाल्या. चौथी निम्मी झाली आणि हात एकदम जड झाला, म्हणून कुंचला खाली ठेवला. तेवढ्यात शेजारी राहणाऱ्या घरमालकीणबाई आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"पोरी, ह्यो रंग तुला कुणी सांगितला?"

"कुणीच नाही, मावशी. का?"

त्या आत आल्या. माझा ओला रंग जिथं संपला होता, तिथं त्यांनी बोट टेकवलं. "माझ्या लेकीनं बी निळाच दिला होता. इथवर आली अन् तिला ताप भरला. मग उठलीच न्हाय. म्या वरून पांढरा चुना मारून घेतला."

 मला कुंचल्याला हात लावायचा धीर होईना. मग मावशींनीच पदर खोचला आणि उरलेली भिंत पुरी केली.

मला ताप आला नाही. त्या घरात आम्ही चार वर्षं राहिलो. पण त्या भिंतीला मी कधी पाठ टेकली नाही.