दादा बोलता होता तोवर

दादा शिडीवरून पडला तेव्हा त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूचे काप पाहत बसली होती. मेंदूला मार बसल्यावर चेतापेशी कशा मरतात, याच विषयावर ती नोकरीभर काम करत आली होती. दादा वायरमन. शाळा सुटली तशी पक्कड हातात घेतलेला, आणि धाकटीच्या शिक्षणासाठी वडिलांशी कडाकडा भांडलेला. तिचं काम त्याला फारसं कळायचं नाही, कौतुक मात्र भारी. "आमच्या बाईसाहेब आधी उंदरांना टपल्या मारतात आणि मग त्यांचंच औषधपाणी करतात," असं तो ओळखीपाळखीत सांगत फिरायचा.

एका दुकानातला दिवा बदलताना शिडी सरकली आणि त्याचं डोकं फरशीवर आपटलं. ती धापा टाकत हॉस्पिटलात पोचली तर हा उशीला टेकून बसलेला, आणि नर्सला ऐकवतोय, "हे वायरिंग कुण्या शहाण्याने केलंय?" वहिनीचा जीव भांड्यात पडला होता. धाकटीने मात्र स्कॅन पाहिला. डाव्या कानाच्या वर, मेंदूत, बोलणं सांभाळणाऱ्या भागालगत डाग होता.

वहिनीने तिला दाराबाहेर गाठलं. "चांगला बोलतोय की. मग तुझा चेहरा का उतरलाय?"

"वहिनी, जिथे मार बसला तिथल्या पेशी गेल्याच. आजूबाजूच्या अजून जिवंत आहेत, पण त्यांच्यात कॅल्शियम घुसतंय. त्याने आतली एन्झाइमं जागी होतात. एक दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. असा निरोप पुढे पुढे जातो आणि शेवटी पेशी स्वतःच स्वतःला मोडून टाकते. हे कितीतरी दिवस चालू राहतं."

"मग थांबव ना. तू हेच तर शिकलीस."

वहिनी साधेपणाने बोलून गेली, पण ते धाकटीच्या काळजाला लागलं. उंदरांमध्ये तिने हे थांबवलं होतं. मार बसल्या बसल्या एन्झाइमाला रोखणारं औषध दिलं की पुष्कळ पेशी तगायच्या. माणसांवरच्या चाचणीत त्याच औषधाचा काडीचा उपयोग झाला नव्हता, आणि हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? तरीही ती जिन्याखाली जाऊन फोन लावत बसली. कुठेतरी नवं औषध तपासलं जात होतं. ते मिळेल का, परवानगी कोण देईल, कुणाच्या ओळखीने काम होईल.

दादाने दोनदा निरोप पाठवला. मग ती चार्जर न्यायला खोलीत आली तेव्हा स्वतःच म्हणाला, "बाईसाहेब, जरा बसा की."

"काही दुखतंय का?"

"नाही गं. काम काही नाही. नुसती बस."

"आलेच," म्हणाली, आणि पुन्हा जिन्याखाली गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तिचे जुने सर फोनवर म्हणाले, "औषध मिळालं तरी आता उशीर झालाय. आणि सुरुवातीला घात करणारी काही एन्झाइमंच पुढे जखम सांधायला लागतात, त्यांना आता रोखलंस तर उलटंच व्हायचं. हे तूच लिहिलं होतंस ना?"

तिनेच लिहिलं होतं. फोन ठेवून ती वर आली तर खोलीत डॉक्टरांची धावपळ. मेंदूला सूज चढली होती. दादाला भूल देऊन यंत्रावर ठेवलं.

तो वाचला. घरी आला, चालू लागला, माणसं ओळखू लागला. शब्द तेवढे गेले. सगळ्याला "ते, ते" म्हणतो, आणि समोरच्याला कळलं नाही की ताट भिरकावतो.

वहिनीने धाकटीला कधी बोल लावला नाही. एकदा मटार सोलताना धाकटीनेच विषय काढला. "मी तेव्हा त्याच्याजवळ बसायला हवं होतं."

"हो, हवं होतंस," वहिनी म्हणाली. "वाट बघत होता तो." आणि मटाराचं भांडं दोघींच्या मध्ये सरकवलं.

थोड्या वेळाने धाकटीने विचारलं, "काय काय बोलला गं तेव्हा?"

"असंच काहीबाही. वडिलांचं काही, तुमच्या लहानपणीचं काही. हसत होता." वहिनीचे हात थांबले. "मीही नीट ऐकलं नाही बघ. मला काय माहीत. वाटलं, बोलेल की उद्या."

धाकटी नोकरी करते अजून. काप पाहते, विद्यार्थ्यांना शिकवते, पण मरणाऱ्या पेशींबद्दल बोलताना तिचा पूर्वीचा हुरूप राहिलेला नाही. सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे जाते आणि फोन पर्समध्येच ठेवते. तो "ते, ते" करतो आणि ती एकेक शब्द पुढे करते. पाणी? खिडकी? चप्पल? कधी लागतो, बहुतेकदा नाही. मग तो चिडून भिंतीकडे तोंड करतो. ती उठत नाही.