सनस्क्रीनची बाटली

ऊन टाळायचं असतं, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी शाळेच्या चिठ्ठीतून कळलं. आम्ही नरपडचे, बोंबील सुकवणारे. आमचं पोटच उन्हावर. ढग आला की घरात सुतक.

२०१७ साली माझ्या चौथीतल्या लेकीच्या, मनालीच्या, शाळेचं शिबिर आमच्याच किनाऱ्यावर भरणार होतं. चिठ्ठीत नियम होते. सनस्क्रीन घरून आणावं, बाटलीवर मुलाचं नाव असावं. मुलांनी ते स्वतः लावावं, दुसऱ्याचं घेऊ नये. बाटल्या सावलीत ठेवाव्यात. ज्याच्याकडे सनस्क्रीन नाही, त्याने उन्हात खेळायचं नाही. आणि मनाली तर शर्यतीसाठी महिनाभर वाळूत पळत होती!

डहाणू रोडहून मी बाटली आणली. शिबिराच्या सकाळी तिला शिकवायला अंगणात बसलो.

"बघ, आधी नाक, मग कान." (दाखवता दाखवता उत्साहात स्वतःचेच गाल, कपाळ, मानही उरकली.)

तेवढ्यात माझी आई आली. "काय रे ते? माझ्या हाताला लाव बघू जरासं."

मागोमाग बोंबील टांगायला आलेल्या चार बायका. "भाऊ, आम्हाला पण द्या की."

मी लग्नघरातल्या यजमानासारखा वाटत सुटलो. दहा मिनिटांत सगळं अंगण पांढरंफटक झालं आणि बाटली रिकामी.

मनालीने ती उलटी करून पाहिली. "पप्पा, आता मी सावलीतच बसू?"

दुकान दहाला उघडणार, शर्यत नऊला. तिचा हात धरला आणि तसाच पळत सुटलो.

सुरूच्या झाडांखाली बाई यादी घेऊन उभ्या होत्या. "मनाली, सनस्क्रीन कुठंय?"

"हे काय," म्हणत मी तोंड पुढे केलं. थर चांगला जाड होता.

"दुसऱ्याचं चालत नाही, दादा."

"तिचंच आहे, बाई. मी नुसता घेऊन आलोय."

मनालीने वेळ घालवला नाही. माझ्या गालांवरून, कपाळावरून बोटं फिरवली आणि नाक, कान, मान, शिकवलं होतं तसंच लावून घेतलं. "बघा बाई, मी स्वतः लावलं."

बाई हसू दाबत म्हणाल्या, "पण बाटलीवर नाव कुठंय?"

मनालीने त्यांच्याच हातातलं मार्कर घेऊन माझ्या कपाळावर नाव लिहिलं आणि पळाली. मला बाईंनी सावलीत, बाकीच्या बाटल्यांच्या ओळीत बसवलं.

ती पहिली आली. मी बसल्या जागेवरून इतका ओरडलो, इतका ओरडलो, की शेवटी बाई म्हणाल्या, "दादा, बाकीच्या बाटल्यांना निदान झाकण तरी आहे."