ताईसाठी पाच गोटे: मार्कंड्याच्या नदीवर एक दिवस

पोळ्या पहाटेच लाटून ठेवल्या होत्या. जवसाची चटणी, दोन कांदे, पाण्याची बाटली आणि डाळीची धुतलेली कापडी पिशवी. आमचे हे खाटेवर बसून सगळं पाहत होते. म्हणाले, "गोट्यांसाठी मार्कंड्याले जाऊन राह्यली? बाजूच्या बांधकामावर गिट्टीचा ढीग पडला आहे. पोतंभर आणून देतो." मी म्हटलं, गिट्टी तुम्ही खेळा, ताईकडे लक्ष ठेवा आणि अकराला तिला भात भरवा.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. दिवाळीनंतर तिला लकवा मारला आणि तेव्हापासून ती चंद्रपूरला आमच्याकडेच आहे. पाय हळूहळू सावरला, बोलणं थोडं आलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला तसाच राहतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी रबरी चेंडू दाबायला दिला, तर तिने तो डाव्या हाताने कोपऱ्यात भिरकावला. हाताला काही धरायची सवय लागली नाही तर पुढे कठीण आहे, असं मॅडम मला दाराबाहेर नेऊन सांगून गेल्या. त्या रात्री मला आमचे गोटे आठवले. लहानपणी आम्ही पाच गोट्यांचा खेळ खेळायचो. एक वर उडवायचा, तो खाली येईस्तोवर बाकीचे उचलायचे. पंचक्रोशीत ताईचा हात कोणी धरू शकत नसे.

ते गोटे दरवर्षी मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेतून यायचे. म्हणून मी तिथेच निघाले, एकटी. लग्नानंतर एकटीने केलेला हा पहिलाच प्रवास असावा.

जाणाऱ्यांसाठी सांगते. चंद्रपूरहून मूलमार्गे चामोर्शीची एसटी पकडावी. बायांना अर्धं तिकीट आहे, सुटे पैसे मात्र जवळ ठेवावेत. मूलपर्यंत दोन्ही बाजूंनी जंगल. सागाची पानं गळून गेल्याने आतपर्यंत दिसत होतं. शेजारची बाई दर वळणावर वाघ दाखवत होती, आणि दर वेळी ते वारूळ निघत होतं. मूलच्या पुढे धानाच्या बांध्या लागल्या तेव्हा माझ्या माहेरचा वास आला. धान कापून गेलेल्या बांधीचा एक कोरडा, गोड वास असतो.

याच भागातून आमची बैलबंडी जायची. बाबा पुढे बसायचे, मागे धानाच्या तणसावर आई, ताई आणि मी. दर्शन झालं की ताई माझा हात धरून थेट नदीच्या रेतीत उतरायची. गोटे निवडायचे ते फक्त तिने. एक उचलायची, गालाला लावायची, मग हाताच्या पाठीवर ठेवून डोळे मिटायची. पटला तर माझ्या फ्रॉकच्या ओच्यात, नाही तर खांद्यावरून मागे नदीत. "हा नाई." मी विचारायची, काऊन? ती म्हणायची, "तुले समजत नाई." आणि मी ओचा धरून तिच्यामागे फिरायची. दरवर्षी हेच.

चामोर्शीच्या स्टँडवर चहा घेतला. तिथून मार्कंड्याला शेअर ऑटो मिळतात, वीस रुपये. नारळ घरूनच नेला होता, देवळासमोर महाग मिळतो. ऑटो देवळाजवळपर्यंत जातो, फार चालावं लागत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मंदिराच्या दुरुस्तीसाठी उतरवलेले कोरीव दगड आवारात ठेवले होते, प्रत्येकावर नंबर टाकलेला. त्यातलं काही उचलायचं नाही, हे सांगायला नको. महादेवाला बेल वाहिला. ताई चालू लागावी वगैरे काही मागितलं नाही. तिची बोटं तेवढी मिटू दे, असं म्हटलं. थोडं मागितलं की देवालाही सोपं जातं, असं मला वाटतं.

घाटाच्या पायऱ्या उतरले आणि समोर वैनगंगा. पाणी पलीकडच्या काठाला सरकलेलं, अलीकडे नुसती रेती, आणि रेतीवर कुठे कुठे गोट्यांचे पट्टे. पांढरे, कलेजीच्या रंगाचे, काळे, पोटावर रेघ असलेले. इतके देखणे की मी चप्पल काढून पिशवीत टाकली. (दुपारी रेती तापते, चप्पल पायातच ठेवा.)

पण उचलायला वाकले आणि अडकले. कोणता घ्यायचा? माझ्या हातून आजवर एकही गोटा निवडलाच गेला नव्हता. गालाला लावून पाहिला, थंड लागला. हाताच्या पाठीवर ठेवून डोळे मिटले, काहीच कळलं नाही. मग सरळ दिसायला छान ते घ्यायचं ठरवलं. एका रेतीच्या ढिगावर अंड्यासारखा गुळगुळीत, हिरवट गोटा दिसला. तो उचलला तोच मागून आवाज आला.

"तो ठेवा जी बाई. कोनाचा देव होय तो."

रेतीत टरबुजाची वाडी लावलेली एक बाई वेलांना पाणी घालत होती. मी नीट पाहिलं, तर तो ढीग नव्हता, कोणीतरी नवसाने केलेली रेतीची पिंड होती, बाजूला बेलाचं पान सुकलेलं. मी, जी रोज सकाळी पूजा केल्याशिवाय चहा घेत नाही, देवाच्या डोक्यावरचा गोटा पिशवीत टाकणार होते. कान धरले, गोटा होता तसा ठेवला, पिंडीला पाणी घातलं.

ती बाई हसत होती. काय शोधून राह्यल्या, म्हणाली. मी सांगितलं. आधी तिला गंमत वाटली, नातवंडं झाल्यावर गोटे खेळता काय म्हणून. ताईच्या हाताचं सांगितल्यावर तिने पाण्याचा डबा खाली ठेवला. मग आम्ही दोघी बराच वेळ त्या पट्ट्यात फिरलो. तिनेच तसलाच एक हिरवट, गोल गोटा शोधून दिला. "हा कोनाचा देव नाई. घेऊन जा." निघताना मी उरलेल्या दोन पोळ्या तिला दिल्या, तिने मला एक कोवळी काकडी दिली.

परतीची एसटी भरलेली होती. मूलपर्यंत उभीच होते. पिशवी छातीशी धरली होती, आणि आत गोटे एकमेकांवर आपटून तोच आवाज करत होते, माझ्या ओच्यात करायचे तो.

घरी दिवेलागण झाली होती. देवापुढे दिवा लावून गोटे धुतले, परातीत घालून ताईसमोर ठेवले. पांढरा, रेघेचा, कलेजी, काळा आणि तो हिरवट. ती एकेका गोट्याकडे बघत गेली. आमच्या ह्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच गप्प केलं.

मांडीवरचा उजवा हात हलला. आधी मनगट, मग तो परातीच्या काठावर कसाबसा चढला. दोन बोटं हिरवट गोट्यापर्यंत सरकली. तिने तो ओढला, काठावर आणला, आणि ढकलून दिला. गोटा फरशीवर पडून गडगडत पलंगाखाली गेला.

"हा... नाई," ताई म्हणाली.

मी विचारलं, "काऊन?"

तिचं तोंड एका बाजूने वाकडं हसलं. "तुले... समजत नाई."

रोज संध्याकाळी आता परात तिच्यापुढे असते. गोटा अजून उचलता येत नाही, पण काठापर्यंत आणते. चेंडू कोपऱ्यातच आहे. परातीत चार गोटे आहेत, आणि पाचवा मी कुठूनही आणला तरी ती ढकलणार, हे मला कळून चुकलं आहे. तिलाच न्यावं लागेल. ऑटो देवळाजवळपर्यंत जातो. पुढे पायऱ्या आहेत. गोटे निवडायला तिला डावा हात मोकळा लागेल, उजव्याने माझा हात धरावा लागेल.