दुकानदार नापास

सेतुमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात गिरणीवरून दळण घेऊन परतत होते. "कॉफी पिऊन पेपर वाचत बसलेले, ते उठलेच नाहीत गे," मामी एवढंच म्हणाली. मी डबा फाटकाशी ठेवला आणि तिथंच पायरीवर बसले. आज दीड महिना झाला. मामाविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. चाळीस वर्षं ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

तंजावरच्या बाजारात मामाचं रेनकोट, छत्र्या आणि गमबुटांचं दुकान होतं. आमच्याकडचा खरा पाऊस दिवाळीच्या सुमारास येतो. नवरात्र उठलं की मामा गिऱ्हाइकांना पोस्टकार्डं पाठवी. कार्डावर त्यानं स्वतः काढलेलं, छापखान्यातून छापून आणलेलं गमतीचं चित्र आणि खाली तमिळमध्ये एक ओळ. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरातच राहिलेल्या आमच्या मराठी घरांसाठी तीच ओळ मराठीत, पण तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी वाचणारे आमच्यात मोजकेच. एका कार्डावर रेनकोट घातलेली म्हैस होती आणि तिच्या पोटाखाली अंग चोरून बसलेला मालक: 'हिला कळलं, तुम्हाला कधी?' दुसऱ्यावर नवरीला भिजत ठेवून जेवणाच्या पानावर छत्री धरणारा नवरदेव. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत लोक ही कार्डं देवाच्या तसबिरीमागं खोचून ठेवीत. मामाचा हात चित्रात सरसर चाले, ओळ मात्र सुचता सुचत नसे. कॉलेजात असताना मी त्याच्याकडं पत्ते लिहायला बसे. हळूहळू ओळीही मीच सुचवू लागले.

पापनाशमजवळच्या एका शाळेतले सुंदरम वाध्यार, म्हणजे सुंदरम मास्तर, एकदा नवी छत्री घ्यायला आले. वाऱ्यानं जुनी उलटली, ती सावरताना काखेतला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कालव्यात पडला आणि सगळ्या वर्गाची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली, असं त्यांनी सांगितलं. सांगताना ते स्वतःच हसले. ते गेल्यावर मामानं चित्र काढलं. उलटी छत्री, वाऱ्यात फुगलेलं धोतर, आणि कालव्यात पेपर वाचणारी बदकं. मी ओळ दिली: 'बदकं पास झाली.' मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला…

कार्डं गावोगाव गेली. आठवड्याभरात बातमी आली की वाध्यार फळ्याकडं वळले की मागून बदकांचे आवाज येतात. त्यांनी रजा टाकली आणि बदलीचा अर्ज लिहून ठेवला. मामानं दुकानाला कुलूप लावलं आणि मला घेऊन बस पकडली. "तू बोलू नकोस गे," त्यानं वाध्यारांच्या दारातच बजावलं.

वाध्यारांनी आम्हाला बसवलं, कॉफी दिली. मामानं हात जोडून माफी मागितली. वाध्यार मामाला राव म्हणत. ते म्हणाले, "चित्राचं काही नाही, राव. पण ती ओळ पोरांच्या तोंडी बसली. ती कुणाची?"

"माझीच," मामा म्हणाला.

मी खाली मान घालून बसले. खरं बोलायला एक क्षण पुरला असता… तो मी घालवला.

परत आल्यावर मामानं नवं कार्ड काढलं. त्यात तो स्वतः: लांब मान, मोठाले कान, नखशिखांत भिजलेला, बदकांवर छत्री धरून उभा. या वेळी ओळ त्याची त्यालाच सुचली: 'दुकानदार नापास.' ते त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवलं. मुलं आता मामाच्या कानांना हसू लागली. वाध्यारांनी बदलीचा अर्ज फाडला. पोंगल झाल्यावर ते दुकानात आले आणि कान अजून थोडे मोठे हवे होते म्हणाले. पुढं दुकान बंद होईपर्यंत मामानं कार्डावर स्वतःखेरीज कुणाचीच थट्टा केली नाही. ओळींसाठी तो वाध्यारांकडं जाई. मी पुन्हा कधी सुचवल्या नाहीत, आणि त्यानंही विचारल्या नाहीत. त्या दिवसाबद्दल तो मला एका शब्दानं बोलला नाही.

तेराव्याला वाध्यार आले होते, ऐंशीच्या घरातले, नातीच्या मोपेडवर मागं बसून. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं की ती ओळ माझी होती.

"ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. "रावांनी पुढच्याच वर्षी माझ्याकडं ओळ मागितली. ज्याला ती सुचली असती, तो मागायला कशाला येईल? आणि त्या दिवशी मान खाली घालून तूच बसली होतीस." मग म्हणाले, "मी त्यांना कळू दिलं नाही. तुझ्यासाठी एवढं खोटं बोललेला माणूस… त्याला उघडं कशाला पाडायचं?"

संध्याकाळी मी मामाच्या खोलीत गेले. दारामागच्या खुंटीवरचा त्याचा काळा रबरी रेनकोट मामीनं खाली काढला होता. असल्या रेनकोटाच्या घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पावसाळ्याआधी त्याला आतून-बाहेरून पावडर चोळावी लागते. मामी पाठमोरी बसून तो मांडीवर पसरत होती. आता कुणासाठी, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी पलीकडची बाही धरली, आणि तिनं पावडरचा डबा माझ्याकडं सरकवला.