आण्णांची निळी नळी

माझे सासरे, आण्णा, जगातल्या कुठल्याही गोष्टीला नंबर देत. मला बघायला साताऱ्याला आले तेव्हा चहा संपवून शांतपणे म्हणाले, "चहा दोन नंबर, पोरगी एक नंबर." माझ्या वडिलांना हसावं की रागवावं ते कळेना.

सांगलीच्या पेठेत त्यांचं गुळाचं अडत दुकान होतं. ढेप फोडली की ते एक कपचा जिभेवर ठेवून डोळे मिटत. त्यांचे डोळे उघडेपर्यंत शेतकरी आणि व्यापारी दोघेही गप्प राहत. देह गादीभर पसरलेला, आवाज मात्र बारीक.

अशा माणसाला मधुमेह झाला. रोज सकाळी कंपाउंडर इन्सुलिनची सुई टोचून जाई. घरातला सगळा गूळ सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, कपाटात कुलूपबंद केला. मी सायन्स शिकलेली सून, म्हणून लघवी तपासायचं काम माझ्याकडे आलं. परसात स्पिरिटचा दिवा लावून काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. मी संकोचानं नळी पुढे करी. आण्णा ती उजेडात धरून गुळाची ढेप पारखावी तसं म्हणत, "पिवळा हाय. दोन नंबर. गुजरातेत खपंल."

"पेठेत गूळ गिळता, म्हनून पिवळा," आक्का म्हणत.

"चाखतो आन् थुकतो."

"मग नळी खोटं बोलती व्हय?"

पुढे जुना अल्सर बळावला. पोटात काही ठरेना. मिरजेत ऑपरेशन झालं. जठराचा बराच भाग काढून उरलेला आतड्याला जोडला. घरी आल्यावर मी नळी उकळली, तर निळी. दुसऱ्या दिवशीही निळीच. वजन तर अजून फारसं उतरलं नव्हतं.

"आवं, लघवीत पानी घातलंसा न्हवं?" आक्कांनी विचारलं. दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे नवे सौदे निघणार होते आणि आण्णांना काही करून गादीवर बसायचं होतं, त्यामुळे संशयाला जागा होती. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः मोरीच्या दाराशी उभ्या राहिल्या. नळी तरीही निळी.

निळी आली तर सुई थांबवून आपल्याला कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते म्हटलंही. आक्का म्हणाल्या, "ह्या मानसानं मला लय फशिवलंय. सुई द्यायचीच." कंपाउंडरची त्यांच्यापुढे बोलायची छाती नव्हती. त्यानं सुई दिली.

तासाभरात आण्णांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. माझ्याकडे बघून ते मला दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारायला लागले. रक्तातली साखर खाली गेली होती. आक्का कमरेची किल्ली चाचपत राहिल्या, ती सापडेना. मी खुंटीवरच्या आण्णांच्या कोटाकडे धावले. तो कोट धुताना खिशात काय सापडतं, ते मला ठाऊक होतं. कागदाची पुडी काढली आणि त्यातला गूळ त्यांच्या दातांआड सारला.

आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग जीभ हलली. डोळे उघडले.

"ह्यो तर माझ्या खिशातला," आण्णा म्हणाले.

"म्हंजे खिशात हुताच," आक्का म्हणाल्या, आणि पदरात तोंड लपवून रडल्या.

"वास घ्यायला ठेवलावता गं."

डॉक्टरांनी त्याच दिवशी सुई बंद केली. म्हणाले, "परदेशात लठ्ठ माणसांवर अशीच ऑपरेशनं करतात. वजन उतरायच्या आधीच कुणाकुणाची साखर उतरते. अन्न लवकर आतड्यात पोचतं, त्यानं इन्सुलिन जास्त सुटत असावं. नक्की मलाही ठाऊक नाही."

आण्णांना मात्र नक्की ठाऊक होतं. "आमच्या पोटातला दिवाणजी झोपला हुता. दुकानाची मांडणी बदलली तसा कामाला लागला."

पाडव्याला ते गादीवर बसले. चाखून थुंकत होते की नाही, हे बघायला आक्का तिथे नव्हत्या. पण आण्णांच्या पोटातला दिवाणजी आता जरा जास्तच उत्साही झाला होता. गोड अंमळ जास्त झालं की तो सगळीच साखर झाडून टाकी आणि आण्णांना पुन्हा घाम फुटे. म्हणून आक्का पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधून वावरू लागल्या. ज्या बाईनं गुळाला कुलूप घातलं होतं, तीच आता आण्णा जेवून उठले की गाठ चाचपत त्यांच्या मागे फिरे.

या उन्हाळ्यात आण्णा गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. परवा दिवस मावळायच्या आत आम्ही दोघी जेवलो. हात धुऊन येताना आक्कांचा हात सवयीनं गाठीकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी गाठ सोडली, खडा दातांनी फोडला, अर्धा माझ्या तळहातावर ठेवला. दोघींनी डोळे मिटले.

"किती नंबर?" मी विचारलं.

"दोन," आक्का म्हणाल्या. "त्येनी असते तर असला इकत घिऊ दिला नसता."